यजमान बसत नाही

खुर्ची ल्युबिशाने गाडीच्या टपावर बांधून आणली. उझित्सेपासून गावापर्यंत चाळीस किलोमीटर वळणांचा रस्ता, सकाळचं धुकं, आणि टपावर चारी पाय वर करून पडलेली ती खुर्ची. हात असलेली, जाड गादीची, तपकिरी कापडाची. त्याने ती एकट्यानेच उचलून आत आणली, लांब टेबलाच्या टोकाशी, संताच्या तसबिरीखाली ठेवली आणि गादीवर दोनदा थोपटलं.

"बसा बघू, बाबा. या वर्षी आरामात बसून स्लावा करायची."

बोगोसाव आजोबा सहा वाजल्यापासून दाढी करून, पांढरा शर्ट घालून तयार होते. त्यांनी खुर्ची पाहिली, मुलाला पाहिलं. मग दांडगं वासरू बाजूला सारावं तशी ती खुर्ची मांडीने ढकलत ढकलत खिडकीखालच्या कोपऱ्यात नेली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि हात झटकले.

"अहो, बाबा—"

"नाही."

हा शब्द त्यांच्यापाशी अजून शिल्लक होता, आणि वापरताना ते हात आखडता घेत नसत.

दारात उभ्या असलेल्या नेवेनाने हसू दाबलं. स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, यजमान बसत नाही, हे या डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल. पहिला पाहुणा उंबऱ्यात आला की तो उभा राहतो, आणि शेवटचा पाहुणा फाटकाबाहेर पडेपर्यंत उभाच असतो. ओततो, वाढतो, विचारपूस करतो. बाकी सगळे बसून खातात. आजोबा असे एकावन्न वर्षं उभे राहिले होते. कोसारा आजी ऑक्टोबरात गेली आणि तीन आठवड्यांनी स्लावा आली, त्या वर्षीसुद्धा.

"तूच समजाव तुझ्या आजोबांना," ल्युबिशा मुलीला म्हणाला. "त्यातलं शिकलीस ना तू?"

"मी वाचेचं शिकले, बाबा. हट्टाचा विभाग वेगळा असतो."

ल्युबिशा हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि दोरी गुंडाळायच्या निमित्ताने बाहेर गेला.

स्वयंपाकघरात स्तोयान्का आत्या आंबवलेल्या कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळलेले सारमे मोठ्या मातीच्या भांड्यात रचत होती. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती, आणि आजोबांचं आंघोळीच्या पाण्यापासून औषधापर्यंत सगळं तीच पाहत होती.

"चाळीस," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बापाचा हुकूम. 'आक्का, या वर्षी चाळीसच कर.' दरवर्षी मी दीडशे करते."

"का म्हणाले?"

"म्हणे थंडी आहे, म्हातारी माणसं, कोण चढून येतंय. सोळा नोव्हेंबरला थंडी काय यंदा पहिल्यांदा पडली?" आत्याने भांड्यावर झाकण ठेवलं आणि ओल्या हाताने नेवेनाला जवळ ओढलं. "म्हणून मी दीडशेच केलेत. एकशे दहा मागे मांस धुरवायच्या खोलीत झाकून ठेवलेत. बोलू नकोस. मोठी मी आहे, पण घरात भांडण नको."

नेवेनाला आत्याचा हेवा वाटला. हिला कुणी आकडा दिला की ही तो सरळ धुराच्या खोलीत लपवते. तिने स्वतः मात्र सप्टेंबरात आपल्या हाताने दोन आकडे लिहून वडिलांकडे दिले होते.

बेलग्रेडच्या ज्या रुग्णालयात ती वर्षभरापूर्वी नोकरीला लागली होती, तिथेच ती आजोबांना घेऊन गेली होती. साठ चित्रं दाखवायची, नाव विचारायचं. कात्री, होकायंत्र, मोळी, सायाळ. साठांपैकी एकोणीस. आजोबा कात्री बघून दोन बोटं उघडझाप करत, सायाळ बघून अंगावर काटा आल्यासारखे खांदे उडवत, पण शब्द येत नव्हता. मग तीच साठ चित्रं उलट विचारली. आपण नाव सांगायचं, त्यांनी बोट ठेवायचं. साठांपैकी अठ्ठावन्न. चुकलेली दोन चित्रं वाद्यांची होती, आणि वाद्यांशी आजोबांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता.

मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर जरा मागे, शब्दाचा आवाज क्षणभर धरून ठेवणारी जागा झिजत चालली होती. वस्तू कळत होती, माणूस कळत होता, वस्तूचं काय करायचं तेही कळत होतं. लांब वाक्य मात्र अर्ध्यात हातून सुटत होतं, आणि नाव जिभेपर्यंत पोचत नव्हतं. डॉक्टरीणबाई हे समजावून सांगत असताना आजोबांनीच त्यांना थांबवलं होतं. चौतीस वर्षं ते गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी आपल्याच कानाची पाळी चिमटीत धरली.

"गाय... आहे," ते म्हणाले. "इथलं... हे... पडलं."

कानातला बिल्ला पडला, गाय कळपातच आहे. नेवेना तीन वर्षं पुस्तकं वाचून जे शिकली होती ते इतकंच होतं. परतताना बसमध्ये आजोबांनी तिला विचारलं होतं, "किती?" आणि ती खोटं बोलली नव्हती. दोन-तीन वर्षं बहुधा फक्त शब्दच जातील, आजोबा. मग कदाचित बाकीचंही. त्यांनी मान हलवली होती आणि बराच वेळ खिडकीतून लोकांच्या गायी बघत बसले होते.

कागद तिने वडिलांना दिला. त्यावर दोन्ही आकडे होते. ल्युबिशाने पहिला वाचला.

अकरा वाजता धुकं उठलं. खालच्या उतारावर रास्पबेरीच्या उघड्या काड्या तारांवर ओळीने दिसू लागल्या. मेणबत्ती पेटली होती. टेबलावर सणाचा गोल पाव, वर कणकेचीच पाखरं आणि द्राक्षांचा घोस, शेजारी लाल दारूची बाटली. दारापाशी स्टुलावर गव्हाचं ताट: शिजवून, कुटून, साखर-अक्रोड घालून थापलेला गहू, त्यात खोचलेले चमचे. येणाऱ्याने उंबऱ्यात आधी त्यातला एक घास घ्यायचा, मगच आत पाऊल टाकायचं.

कुणी आलं नाही.

साडेअकराला आजोबा दाराशी जाऊन उभे राहिले. बाराला पाव कापायचा असे, कूमसोबत. कूम म्हणजे विदोये. आजोबांच्या लग्नात त्याचे वडील साक्षीला उभे होते, ल्युबिशा आणि स्तोयान्काचं नाव त्याने ठेवलं होतं. रक्ताचं नातं नाही, पण रक्ताच्या नात्यांनी मान द्यावी असं नातं. पन्नास वर्षांत विदोये बाराच्या आत आला नाही असं झालं नव्हतं. खालच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. आजोबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. ट्रॅक्टर पुढे निघून गेला.

सव्वाबाराला त्यांनी ताटातले चमचे एकदा काढून पुन्हा खोचले.

नेवेनाने वडिलांना लाकडांच्या ढिगापाशी गाठलं. ढीग नीटच रचलेला होता. ल्युबिशा तो पुन्हा रचत होता.

"बाबा, कुणी का येत नाहीये?"

"धुकं आहे."

"धुकं गेलं."

त्याने एक ओंडका उचलला, फिरवून बघितला, खाली ठेवला. "फोन केले मी. गुरुवारी. तेरा घरांना. म्हटलं, बाबांना बरं नाही, या वर्षी घरातल्या घरात करतो."

स्लावाला कुणाला बोलावत नाहीत. ज्याला आठवतं तो येतो, दार त्या दिवशी सगळ्यांना उघडं असतं. बोलावणं पाठवणं हाच आगाऊपणा समजला जातो. तिथे येऊ नका असं सांगणं तिने कधी ऐकलंही नव्हतं.

"यजमानाला न विचारता?"

"यजमानाला विचारून काय मिळालं असतं? 'ते'? 'हे'? 'ती काळी'?" हे बोलून झाल्यावर त्यालाच ते टोचलं. तो ओंडक्यावर बसला. "तुझ्याच कागदावर लिहिलं होतं, नेवेना. वाढत जाणारा आजार."

"त्याच कागदावर अठ्ठावन्न पण लिहिलं होतं."

"तू ऑगस्टात नव्हतीस. मिलुन्काचा नवरा गेला तेव्हा मयताला गेलो आम्ही. सगळे तिचा हात धरून म्हणतायत, देव त्याला शांती देवो. बाबांची पाळी आली. हात धरला आणि म्हणाले, 'गाय. चांगली गाय.' दोनदा! त्या बाईला, नवऱ्याच्या शवपेटीपाशी! मागे दोघंजण फसकन हसले. मी ऐकलं. ज्या माणसाने बर्फ तुडवत जाऊन या लोकांची अडलेली वासरं ओढून काढली, त्याला हसले." त्याने नाक पुसलं. "आज वीस जणांसमोर हातात पेला घेऊन ते उभे राहतील, आणि पेला उचलून बोलायचं असतं तिथे पुन्हा गाय आली तर? मी ते बघू शकत नाही. तू म्हण मला भेकड."

"मी काहीच म्हणत नाहीये."

"संध्याकाळी तसबीर आणि मेणबत्तीदान गाडीत घालून उझित्सेला नेतो. पुढच्या वर्षीपासून स्लावा माझ्या घरी. मुलगा आहे मी, हक्क आहे माझा. बाबा येतील, त्या खुर्चीत बसतील, शांतपणे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तेवढंच तर येतं त्यांना," ल्युबिशा म्हणाला, आणि चेहरा दुसरीकडे वळवला.

नेवेनाला राग आणायचा होता, तो येईना. वडिलांच्या कोटाला सालपटं चिकटली होती, ती तिने झटकली. इतकंच तिला सुचलं. तेवढ्यात फाटकापाशी कुत्रा भुंकला.

विदोये काठी टेकत चढ चढत होता, मागे त्याची बायको रोसा, हातात केकचा डबा. आणि त्यांच्या मागे, विदोये दम खायला थांबला की थांबणारे, आणखी आठ-दहा जण. सगळ्यात शेवटी काळ्या रुमालातली मिलुन्का.

"उशीर झाला!" विदोये खालूनच ओरडला. "या लोकांनी केला! दुकानापाशी कोंडाळं करून उभे. जायचं की नाही जायचं, फोन आला होता म्हणे. मी म्हटलं, फोन मलाही आला होता. पन्नास वर्षांत मला या घरातून कुणी 'ये' म्हणून सांगितलं नाही, तर 'येऊ नको' सांगितलेलं मी कशाला ऐकू?"

आजोबा उंबऱ्यात होते. त्यांना लांब वाक्य पुरतं झेपत नसे, पण हे झेपलं असावं. त्यांनी विदोयेच्या खांद्यावरून लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. ल्युबिशा उभा राहिला.

"स्लावा सुखाची होवो, यजमान!" विदोये म्हणाला.

आजोबांनी त्याचे तीनदा मुके घेतले, ताट उचललं आणि पुढे केलं. विदोयेने घास घेतला, रोसाने घेतला, मग एकेक जण. सगळे आत गेल्यावर आजोबा ताट हातात घेऊन अंगणात उतरले, चिखलातून चालत ल्युबिशासमोर येऊन उभे राहिले आणि ते त्याच्यापुढे धरलं.

घरच्या माणसाला ताट दाखवत नाहीत. ते पाहुण्यांसाठी असतं.

ल्युबिशाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दारात स्तोयान्का आत्या तोंडावर हात ठेवून उभी होती. ल्युबिशाने चमचा घेतला, घास तोंडात घातला आणि तो गिळायला त्याला फार वेळ लागला. मग आजोबा वळले आणि आत गेले.

"माझ्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं," तो पुटपुटला.

"ते त्यांना येत नाही," नेवेना म्हणाली. "कधीच आलं नाही. चला आत."

आत बाकांवर दाटीवाटी झाली होती. स्तोयान्का धुराच्या खोलीतून एकामागून एक भांडी आणत होती आणि भावाच्या नजरेला नजर देत नव्हती. आजोबा फिरत होते. नेवेना भिंतीला टेकून बघत राहिली. सवयच होती तिला, मनातल्या मनात खुणा करत जायची. विदोयेपुढे राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला नाही, डोंगरी चहा, कारण त्याचं पोट. रोसाला राकिया, आणि ती 'अर्धाच' म्हणाली तरी काठोकाठ. दाराकडच्या बहिऱ्या म्हाताऱ्याला उठवून त्याचा चांगला कान लोकांकडे येईल असं बसवलं. पाठ धरलेल्या एकाला उशी. एकाच्या ताटात कांदा नाही. अकरा माणसं, एकही चूक नाही, आणि एकही नाव नाही.

"बोगोसाव," विदोये डोळा बारीक करून म्हणाला, "माझं नाव सांग बघू."

ल्युबिशाने मान खाली घातली.

आजोबा थांबले. ओठ हलले. मग त्यांनी विदोयेच्या छातीवर बोट ठेवलं. "तू... खिळा!"

रोसा इतकी हसली की तिच्या पेल्यातली राकिया सांडली. "अगं बाई! रुमेंका! आमच्या रुमेंका गाईने खिळा गिळला होता! लग्नाला वर्षही झालं नव्हतं आमच्या!"

"लोहचुंबक," आजोबा म्हणाले. हा शब्द अचानक, पुरा, स्वच्छ आला. त्यांनी घशात हात घालून काढल्याचा अभिनय केला आणि स्वतःच हसू लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मग मी कोण?" बाकाच्या टोकावरून कुणीतरी विचारलं.

"जुळी!"

"आणि हा?"

आजोबांनी त्या माणसाकडे पाहिलं, नाक मुरडलं, हात हलवला. "बैल. वाईट."

आता सगळं टेबल हसत होतं. ल्युबिशाने मान वर केली. हे हसू त्याला वाटलं होतं तसं नव्हतं, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला असावा, कारण तो बराच वेळ एकेका तोंडाकडे बघत होता. मग तो उठून मिलुन्काजवळ गेला. नेवेना अगदी मागेच होती.

"मावशी, ऑगस्टात, मयताच्या वेळी... बाबा जे बोलले, त्याची मी माफी मागायची राहिली. त्यांना म्हणायचं वेगळं असतं."

"वेगळं?" मिलुन्काने काटा खाली ठेवला. "काय वेगळं? आमची शारूल्या आजारी पडली तेव्हा माझा नवरा आणि तुझा बाप तीन दिवस गोठ्यात होते. वाचली नाही ती. नवऱ्याला मी आयुष्यात एकदाच रडताना पाहिलं, आईला पुरलं तेव्हाही नाही, त्या गायीसाठी. त्या दिवशी साठ माणसं माझा हात धरून तेच तेच बोलून गेली. तुझ्या बापाने एकट्याने माझ्या माणसाचं काहीतरी आठवून सांगितलं." तिने पुन्हा काटा उचलला. "माफी कसली मागतोस? सारमा वाढ."

ल्युबिशाने सारमा वाढला. एक खाली पडला, तो उचलायलाही त्याला सुचलं नाही.

एक वाजून गेल्यावर पाव कापला. आजोबांनी त्यावर सुरीने आडवी-उभी चीर दिली, चिरेत दारू ओतली, मग ते आणि विदोये तो धरून गोल फिरवू लागले. "ख्रिस्त आपल्यामध्ये आहे," आजोबा म्हणाले, न अडखळता. "आहे आणि राहील," विदोये म्हणाला. तीन वेळा. स्तोयान्काने पदराला डोळे पुसावेत तसे अॅप्रनला पुसले आणि नेवेनाकडे आशेने पाहिलं. नेवेनाने हळूच मान हलवली. हा चमत्कार नव्हता. पाठ झालेलं बोलणं, प्रार्थना, मोजदाद, शिव्या, हे मेंदूत निराळ्या वाटेने चालतं आणि पुष्कळ दिवस टिकतं. पण तिचे स्वतःचे डोळे का भरून आले होते, याचं स्पष्टीकरण तिच्या पुस्तकात नव्हतं.

मग पेला. इथे नुसतं पाठांतर पुरणारं नव्हतं. घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची, मग आलेल्यांसाठी चार शब्द बोलायचे. बाकं करकरली, सगळे उभे राहिले.

"जे..." आजोबांनी पेला उचलला. "जे आपले... इथे..."

थांबले.

"आपले... ते... जे..."

नेवेना मोजू लागली. एक. दोन. रुग्णाला शब्द पुरवायची घाई करायची नाही, दहापर्यंत थांबायचं, हा तिच्या कामाचा पहिला नियम. तीन. चार. आजोबांच्या कपाळावर शीर उठली होती. विदोये काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होता. कुणी हसलं नाही, कुणी खाकरलंही नाही. सहा. सात.

सातला तिने पाहिलं की तिच्या वडिलांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. स्ताना, मिलेंतिये, बोर्का. चोपन्न वर्षं ऐकलेली नावं, त्याच क्रमाने.

आजोबांनीही ते पाहिलं.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला. खिडकीखालच्या कोपऱ्यात गेले, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली तपकिरी खुर्ची फिरवली आणि सारत सारत टेबलाच्या टोकाशी आणली. तिच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले. आणि बसले.

रोसाने छातीवर क्रॉस काढला. यजमान बसला होता; आणि यजमान फक्त एकाच कारणाने बसतो, यजमानपद दुसऱ्याच्या हाती देताना, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आजोबांनी पेला ल्युबिशाकडे सरकवला.

"बाबा, नको," ल्युबिशा म्हणाला. "मी तसं... मला असं नको होतं. तुम्ही उभे राहा. मी बोलतो, पण तुम्ही उभे राहा."

"नाही," आजोबा म्हणाले. पण सकाळच्या 'नाही'पेक्षा हा फार मऊ होता. त्यांनी मुलाचं मनगट धरलं, अंगणातलं ताट त्या हाताला अजून आठवत असेल तर ते पुसावं तसा अंगठा त्यावरून फिरवला, आणि मनगट वर उचललं. पेल्यासकट.

नेवेनाला बसमधला तो प्रश्न आठवला. किती? म्हणजे त्यांनी तेव्हापासून हिशेब केला होता. देण्यासारखं काही हातात आहे तोवरच द्यायचं.

ल्युबिशाने नावं घेतली. स्ताना, मिलेंतिये, बोर्का. रादोसाव, जो युद्धातून परत आला नाही. लहानगी अनामिक, जिला बाप्तिस्मा मिळाला नव्हता. आवाज बसका होता, पण क्रम चुकला नाही. 'कोसारा'पाशी तो थांबला आणि त्याने वडिलांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली, हो, तीच. मग तो म्हणाला, "आणि जे न बोलावता येतात, आणि नको म्हटलं तरी येतात, त्यांना देव आरोग्य देवो."

"आणि फोन बंद पडो!" विदोये म्हणाला, आणि सगळ्यांनी पेले रिकामे केले.

त्यानंतरचं काम अवघड होतं. ल्युबिशाने बाटली घेतली आणि सरळ विदोयेचा पेला भरायला गेला. टेबलाच्या टोकाकडून टकटक झाली. आजोबांचं बोट चुलीवरच्या किटलीकडे होतं.

"चहा? बरं, चहा."

तो रोसाला अर्धा पेला देऊन पुढे निघाला. टकटक. बोट वर, आणखी वर, काठापर्यंत. पाठ धरलेल्या माणसाची उशी घसरली होती. टकटक. बहिऱ्याच्या चुकीच्या कानात तो ओरडत होता. टकटक, टकटक. खुर्चीत बसलेला म्हातारा बोटाने दाखवत होता आणि चोपन्न वर्षांचा, उझित्सेत दुकान चालवणारा मुलगा घामाघूम होऊन पळत होता. दर वेळी तो चुकला की आजोबा कपाळावर हात मारत आणि बाक हसे. चौथ्या फेरीला त्याने कांद्याचं ताट त्या एका माणसापुढून आपणहून उचललं आणि वळून पाहिलं. आजोबांनी बोट खाली ठेवलं.

"शिकतोय," स्तोयान्का नेवेनाच्या कानात म्हणाली. "लहानपणीही असाच होता. उशिरा, पण शिकायचा."

साडेचारला उजेड कलू लागला आणि माणसं उठू लागली. विदोयेने कोट चढवला, काठी शोधली आणि तसबिरीकडे बघत उगीचच विचारावं तसं विचारलं, "मग, पुढच्या वर्षी कुठल्या घरी यायचं आम्ही? उझित्सेला मला बस लागते. ओकाऱ्या होतात."

ल्युबिशाने तसबिरीकडे पाहिलं. तिच्या मागची भिंत धुराने काळी झाली होती आणि तसबीर हलवली असती तर तिथे पांढरा चौकोन उरला असता.

"मी काही तुला बोलावत नाही, कूम," तो म्हणाला.

"मग येतो," विदोये म्हणाला. "इथेच ना?"

"इथेच."

रोसा दारात रुमाल बांधत होती आणि मिलुन्काला घराकडची एक लांबलचक गोष्ट सांगत होती, जी संपायची चिन्हं नव्हती. ल्युबिशाने गुडघे चोळले. पेला हातात आल्यापासून तो बसला नव्हता. त्याने बाकाची कड चाचपली, मागे वळला आणि हळूच टेकायला लागला.

टकटक.

रोसा अजून उंबऱ्याच्या आत होती.

"उभा," आजोबा म्हणाले.

नेवेनाने हा शब्द कुठे मोजला नाही. ल्युबिशा ताठ झाला, सदऱ्याची कॉलर सारखी केली, आणि रोसाची गोष्ट संपेपर्यंत उभा राहिला.